निरभ्र, असं मी लिहिलं

३ ऑक्टोबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमच्या नोंदवहीची पानं पोचली. महिनाभर रोज संध्याकाळी "निरभ्र, रेघ नाही" वाचून नाचायचीच बाकी होते! विमानांचे मार्ग आखणाऱ्या आमच्या खोलीत सगळे सुतकी चेहऱ्याचे. मी एकटीच हसत होते.

साहेबांना सांगून सांगून मला पाठ झालंय. विमानाच्या धुरावर वाफ गोठून रेघ उठते. वरची हवा कोरडी असली तर विरते. गार आणि ओलसर असली की पसरून तिचा पातळ ढग होतो. दिवसा तो थोडं ऊन तरी परतवतो, अंधार पडला की नुसतंच पांघरूण. जमिनीची ऊब वर जाऊच देत नाही. म्हणून तुमच्या गच्चीवरून जाणारं संध्याकाळचं विमान आम्ही दोन हजार फूट खालून, ओलसर थर टाळून नेतोय. इंधन जास्त लागतं म्हणून साहेब कुरकुरतात. उपग्रहाच्या चित्रात एकेक रेघ धड कळत नाही, तेव्हा सगळी भिस्त तुमच्या नजरेवर. पंधरा तारखेच्या बैठकीत पानं मांडते. पटलं तर सगळीच विमानं अशी जातील, नाहीतर प्रयोग बंद.

दिव्याभोवती वलयं दिसतात म्हणाला होतात, त्याचं काय झालं? डॉक्टरांकडे जा, नुसतं हो हो नको.

ओरडते म्हणून लोभ कमी करू नका.

तुमची ठमी

८ ऑक्टोबर

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायची हिंमत झाली नाही. डॉक्टरांकडे जाऊन आलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, कमीत कमी वर्षभराचा. घरी येऊन तुझ्या आत्याला गच्चीवर नेलं. विमानाचा आवाज आला. मला आभाळ निरभ्र. आत्या म्हणाली, अरे दादा, एवढी पांढरी रेघ डोक्यावर आहे आणि तू शोधतोयस काय? रोज असते का, विचारलं. तिला काय ठाऊक, ती कशाला वर बघतेय!

छत्तीस वर्षं वेधशाळेत आभाळ वाचलं. हाताखालच्यांना डोळे तपासून या म्हणून मीच पिटाळायचो. स्वतःचं सुचलं नाही. खरं सांगू? रेघ दिसली नाही की वाटायचं, माझ्या पोरीनं करून दाखवलं. मला तेच बघायचं होतं गं.

आमच्याकडे चुकलेली नोंद खोडून टाकत नाहीत. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. तुला आधी पाठवल्या त्या नकला होत्या; मूळ वहीतली महिन्याची सगळी पानं तशी रेघ मारून सोबत आहेत. हीच मांड. म्हाताऱ्याची अब्रू झाकत बसू नकोस.

जमलं तर माफ कर, नाही जमलं तरी पत्र टाक.

तुझा बाबा

१६ ऑक्टोबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

आधी तुमचा संताप आला, मग माझा. वलयांचं ऐकूनही मी तुमच्यावर विसंबले. तुमची नजर चुकत नाही हे लहानपणापासूनचं ब्रह्मवाक्य ना!

दोन दिवस तुमची नवी पानं खणात दडवली. म्हटलं, जुनीच मांडावीत, कोण बघतंय? मग त्या सह्या पुन्हा पाहिल्या. एकही पान सुटलं नव्हतं. काल तीच पानं मांडली. निरीक्षक कोण, साहेबांनी विचारलं. माझे वडील, म्हणाले. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

प्रयोग बंद. उद्यापासून विमान जुन्याच उंचीवरून. कदाचित कितीतरी संध्याकाळी खरंच रेघ नसेल बाबा. ते आता कधीच कळणार नाही, याचीच खंत आहे.

डोळ्यांचं लवकर उरका. राग आहे, पण मी तुमचीच आहे.

ठमी

९ डिसेंबर

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. काल गच्चीवर गेलो. विमान आलं आणि रेघ दिसली, सुतासारखी. मग बोटभर झाली. अंधारेपर्यंत निम्मं आभाळ झाकून बसली. इतकं लख्ख दिसलं म्हणून आधी हरखलो, मग रडूच आलं. डोळे चोळायचे नाहीत अशी तंबी आहे, म्हणून तसाच उभा राहिलो.

जुन्या उंचीवर किती रेघा उठतात, हे तरी कुणी मोजलं होतं का? पुन्हा प्रयोग करायची वेळ आली तर ताडून बघायला काहीतरी हवं. नवी वही सुरू केलीय. आत्या आणि मी एकमेकांचं न बघता लिहितो, मग जुळवतो. तुझे साहेब मागोत न मागोत.

पहिली ओळ लिहिली: "रेघ आहे." खाली दोघांच्या सह्या आहेत.

तुझा बाबा