सुपातलं पोर

कामिसावा, ३ मार्च, तैशो ११ (१९२२)

ती. दादास,
तोमेचा सा. न. वि. वि.

पाकिटावर तुझं लेखकाचं नाव लिहिलंय, सेइरान. आत मात्र तू दादाच. अक्षर वाकडं आहे, हसू नकोस, तान्हा मासाजी मांडीवर आहे.

दादा, मला भीती वाटते. ह्यांना बेचाळिसावं लागलं. सासूबाई म्हणतात, बापाच्या वाईट वर्षात झालेलं पोर बापाला खातं. त्याला सुपात घालून चौकात टाकायचं, ठरल्या माणसानं उचलायचं, नवं नाव ठेवून परत आणून द्यायचं. तुझं केलं तसंच. पण उचलायला नेमलीय तांदळाची दारू, साके गाळणाऱ्यांची सून. तिची दोन गेली. परवा मासाजीचा पाय धरून म्हणाली, उचललं की माझंच. सगळ्या हसल्या. ती नाही हसली.

दहा तारीख ठरलीय. काय करू?

लोभ आहेच, सोबत थोडा धीरही पाठव.
तुझी तोमे

टोकियो, ५ मार्च

चि. तोमेस अनेक आशीर्वाद.

सरळ नाही म्हण. गावात वीज आली, आगगाडी आली, आणि तुम्ही अजून सुपं मांडताय? मला यायला जमणार नाही. कादंबरीचं शेवटचं प्रकरण पंधराला छापखान्यात द्यायचंय आणि तेच अडलंय. माझा नायक विलायती कोट घालतो, नाव बदलतो, तरी विचारत राहतो, मला टाकलं तेव्हा उचललं कुणी? मलाच ठाऊक नाही, त्याला काय सांगू? आईला विचारलं की ती मुळा चिरायला घेते.

सुतेकिची म्हणजे टाकलेला. त्या नावापायी मी शाळेत काय ऐकलं ते मलाच ठाऊक. भाच्याला ते नको. त्याला पापा दे.
सेइरान

कामिसावा, ७ मार्च

ती. दादास सा. न.

नाही म्हणणं टोकियोत सोपं. इथे ह्यांना साधा खोकला झाला तरी सगळे पोराकडे बघतात. म्हणून टाकणार.

पण काल आईच्या हातातली सुरी काढून घेतली आणि विचारलं. तुला उचलायला चटया विणणारा यायचा होता. आई झाडामागे लपलेली. तू रडलास, तिला राहवलं नाही. तिनंच उचललं, दादा. आईनं उचललं तर टाकणं लागू होत नाही, म्हणून आजीला खोटं सांगितलं, आणि नाव चटईवाल्याकडून मागून आणलं. सदतीस वर्षं गप्प. आणि बाबा? सत्तरीपर्यंत मजेत मासे खात होते.

दहाला सकाळी सूप मीच ठेवीन, झाडामागे मीच उभी राहीन. पहिल्या गाडीनं आलास तर तू उचल. नाहीतर त्या बाईच्या आधी मी पोचते. मग सासूबाईंना काय बोलायचं ते बोलू दे.

माया कमी करू नकोस.
तोमे

तार, टोकियो, ९ मार्च

गाडीत बसतोय. पळू नकोस. झाडामागेच थांब. सूप मी उचलतो. छापखाना थांबेल. आईला सांग मुळा चिरून ठेव.
सुतेकिची