डी.एम.डी.वालाही दाढ काढतो

उम्म अल हस्सम, बहारीन
९ नोव्हेंबर १९८४

तीर्थरूप दाजींच्या सेवेशी,

शिवदासचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, पण मी खुशाल नाही. उजवा गाल सुजला आहे, चार दिवस पेजेवर आहे आणि याला कारण तुम्ही आहात. तुमचा रक्तदाब कसा आहे? ताईचे गुडघे? देवरुखात थंडी पडली का? (उत्तरं सावकाश द्या. मी रागावलो आहे, आणि तुम्ही ताईचे यजमान, शिवाय चौदा वर्षांनी मोठे, म्हणून हा राग मला आधी नमस्कार घालून मग काढावा लागतो आहे.)

तुमच्या नीलासाठी मी डॉक्टर विठ्ठल खातूचं स्थळ सुचवलं. मुलगा संगमेश्वरचा, आपल्यातला, काकांकडे बॉस्टनला राहून दातांचा डॉक्टर झालेला, आता इथे बुसैतीनच्या एका दवाखान्यात नोकरीला. मे महिन्यात रजेवर गेला तेव्हा तुमच्याच ओटीवर बसून पोहे खाऊन आला आणि मुलगी पसंत आहे असं मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. यानंतर मुलीच्या बापाने मुहूर्त काढायचा असतो. तुम्ही त्याची पदवी काढलीत! तालुक्याच्या दवाखान्यात सत्तावीस वर्षं कंपाउंडर होतात म्हणून आपल्या घरात कोणी शिंकलं तरी तुम्हाला विचारतात, हे मान्य. पण एम.एस. म्हणजे कापणारा आणि एम.डी. म्हणजे गोळ्या देणारा, हा देवरुखचा न्याय तुम्ही थेट अमेरिकेला लावलात. तुमचं वाक्य मला पाठ झालं आहे: "खरा दंतवैद्य डी.डी.एस., त्यात सर्जरी आहे, हा डी.एम.डी., म्हणजे नुसतं मेडिसिन, आणि ज्याला दाढ उपटता येत नाही त्याला मी मुलगी देणार नाही." मुलगी पंचविशीत आहे, आधीची तीन स्थळं तुम्ही अशीच खुसपटं काढून घालवलीत. आणि हा नकार मुलाला कळवायचं पुण्यकर्म मात्र माझ्यावर ढकललंत.

मी तुमचं ते नकाराचं पत्र तीन आठवडे खिशात घेऊन हिद्दच्या वर्कशॉपात विजेच्या मोटारींना तार गुंडाळत होतो. विठ्ठल दिसला की मी रस्ता बदलायचो. अशातच माझी अक्कलदाढ उठली. (अक्कलदाढच, दाजी. यावर विनोद करू नका.) माझ्या खोलीतला ताहिर रत्नागिरीचा, कंपनीची पिकअप चालवतो. तुमच्या पत्राची गोष्ट ऐकून त्याने सरळ विचारलं, "दात ठणकतोय आणि तुम्हाला डिग्री काय चाटायची आहे? यल्ला, चला, बसा गाडीत." बसलो. पण खोटं कशाला बोलू, तुमच्या पत्राचं विष माझ्याही डोक्यात भिनलं होतं. दवाखान्यात विठ्ठलच्या दारावरची डी.एम.डी. ही पाटी पाहिली आणि चोरासारखा पुढे सरकून शेजारच्या डॉक्टर अहमदकडे शिरलो, कारण त्याच्या पाटीवर डी.डी.एस. होतं. आजही त्याची लाज वाटते.

अहमदने दाढेचा एक्स-रे काढला, पाहिला आणि म्हणाला की दाढ हाडात आडवी आहे, असल्या दाढा मी खातूकडे पाठवतो, त्याचा हात माझ्याहून हलका. मी मोडक्या हिंदी-इंग्रजीत विचारलं की तो तर फक्त मेडिसिनवाला ना? अहमद हसला, मग त्याने नर्स रशीदाला बोलावून मला तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला आणि दोघं मिळून हसले. पदवी एकच आहे, दाजी. अभ्यास तोच, परीक्षा त्याच, दाढा उपटणं तेच. एका कॉलेजाला लॅटिनमध्ये नाव द्यायची हौस आली म्हणून तिकडे डी.एम.डी., दुसऱ्याने नाही दिलं म्हणून डी.डी.एस. कुणाच्या दारावर काय लागतं ते फक्त कॉलेजावर अवलंबून. सत्तावीस वर्षं बाटल्यांवर लेबलं चिकटवूनसुद्धा आतलं औषध एकच असू शकतं हे तुमच्या ध्यानात येऊ नये?

मग विठ्ठलच्या खुर्चीत बसलो. त्याने इंजेक्शन दिलं, तोंडात बोळे कोंबले, पकड लावली आणि अगदी हळू विचारलं, "दाजींचं पत्र आलं का?" मी मान हलवली; पत्र आलंच होतं, खिशातच होतं. "होकार आहे ना?" असं म्हणतो तोच दाढ सुटली आणि त्या हिसक्याने माझं डोकं दोनदा खाली-वर झालं. त्याने तो होकार धरला, दाढ चिमट्यातच राहिली. चार वर्षं मला शिवदासराव म्हणणारा मुलगा म्हणाला, "दोन तास बोलायचं नाही, मामा." दोन तास सोडा, दाजी, चार दिवस झाले, मला अजून खरं बोलता आलेलं नाही. तो दवाखानाभर पेढे वाटून मोकळा झाला आहे. त्या पोराचं तोंड पाहून नाही म्हणायची माझी छाती नाही, आणि तुमच्या अडाणीपणासाठी ती मी कमावणारही नाही.

थोरामोठ्यांना लिहू नये असं बरंच लिहून झालं. राग माझ्याकडे ठेवतो, आशीर्वाद तुमच्याकडून येऊ द्यावा.

आपला मेहुणा,
शिवदास

ता.क. रजेवर जाणाऱ्याच्या हाती पत्रं द्यायची इथली पद्धत तुम्हाला माहीत आहेच. हे पाकीट ज्याने तुमच्या हातात दिलं तो विठ्ठल खातू. पाकीट चिकटवलेलं आहे, आतलं त्याला ठाऊक नाही. तुम्ही हे वाचत असताना तो समोर बसलेला असेल. नकार द्यायचा तर आता तोंडावर द्या.

ता.क. दुसरा. ताई लिहिते की डावीकडची दाढ तुम्ही महिनाभर लवंगेवर ढकलता आहात. त्याच्या बॅगेत सगळी हत्यारं आहेत. मी मुद्दाम घ्यायला लावली.

ता.क. तिसरा. नीलाने मला ऑगस्टमध्ये पाच पानं लिहिली होती. त्यात पदवीचा एक शब्द नाही. ती पानं मी तुम्हाला पाठवणार नाही. ती आत चहा टाकत असेल, तिला बाहेर बोलवा आणि विचारा. चार स्थळं झाली, दाजी, तिला तुम्ही एकदाही विचारलेलं नाही.