हैमाची तब्येत

९ नोव्हेंबर
पोचले एकदाची! अम्माने पालकोल्लूहून निघताना पिशवीत कोंबलेली आवकाया लोणच्याची बरणी विमानतळावरच्या गोऱ्या बाईने उघडून हुंगली आणि तिला अशा शिंका लागल्या, की मागची अख्खी रांग हसायला लागली. बाहेर गोकुल फुलं घेऊन उभे होते. लग्नाला पाच महिने झाले, पण त्यातले आम्ही एकत्र होतो ते जेमतेम अकरा दिवस. दोघंही लाजलो. त्यांनी आधी स्वतःचा कोट काढून माझ्या खांद्यांवर टाकला.

मिनिसोटातलं हे घर उंच आणि अरुंद आहे, शेजारच्यांना भिंतीला भिंत लावून. खाली पुढचं दार आणि एक खोली, मधे स्वयंपाकघर, वर झोपायची खोली. दिवे, कुलूप, घराची ऊब, सगळं गोकुलच्या फोनवरून चालतं. मी म्हटलं, मग मी काय करायचं? म्हणाले, तू फक्त सुखात राहायचंस.

भीमावरमच्या कॉलेजात सहा वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. इथे माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. म्हणून ही वही.

१३ नोव्हेंबर
आज पप्पुचारूची आमटी करताना फ्रिजवरून आवाज आला, “हैमा, मीठ दुसऱ्यांदा घालतेयस.” हातातला डावच पडला. वर डोळ्याएवढा कॅमेरा आहे. ऑफिसात बसून ते मला बघत होते. संध्याकाळी माझी नक्कल करून खूप हसले. मीही हसले. कोइंबतूरहून सासूबाईंचा फोन आला तेव्हा त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, नशीब काढलंस हो! आमच्या ह्यांनी चाळीस वर्षांत स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे तेही पाहिलं नाही.

मीठ मात्र मी एकदाच घातलं होतं.

२५ नोव्हेंबर
परवा टपालपेट्यांपाशी शेजारची मंगै अक्का भेटली. तिरुनेलवेलीची, पन्नाशीची, मोडकीतोडकी तेलुगू बोलणारी. म्हणाली, “अगं, दोन आठवडे झाले, तुझं तोंड दिसेना. नवऱ्याने लोणच्यासारखं बरणीत घालून ठेवलंय की काय?” किती दिवसांनी पोटभर हसले.

घरी आले तर गोकुल लवकर परतलेले. जेवण झालं. मग विचारलं, किती वेळ बोलत होतीस? मी म्हटलं, दहा मिनिटं. ते म्हणाले, तेवीस.

त्यानंतर दोन दिवस माझ्याशी अबोला.

३ डिसेंबर
न विचारता मंगै अक्काला कॉफीला बोलावलं, ही माझी चूक. ती गेली आणि जाळीतून येणारी गरम हवा थांबली. बाहेर उणे अठरा. मला वाटलं, यंत्र बिघडलं. फोन केला तर शांतपणे म्हणाले, “माणसं बोलावलीस ना? मग त्यांच्या उबेत बस.”

भिंतीवरचा आकडा दुपारभर उतरत होता. सोळा. बारा. आठ. दोन स्वेटर घालून शेगडीपाशी जाऊन बसले, तर फ्रिजवरून आवाज आला, शेगडी बंद कर.

ते आल्यावर त्यांनीच मला रजईत गुंडाळलं, दूध गरम करून दिलं. माझे पाय चोळता चोळता रडले. म्हणाले, तू मला असं वागायला का लावतेस?

मी माफी मागितली.

११ डिसेंबर
आज हात उचलला. भाताचं भांडं घासायचं राहिलं होतं म्हणून. कानात अजून शिट्टी वाजतेय.

अम्माला फोन केला. तिने विचारलं, तू काय बोललीस त्याला? नान्ना मात्र म्हणाले, थांब पोरी, तुझा बाप आहे मी, बोलतो त्याच्याशी. अर्धा तास बोलले. मग मला फोनवर घेतलं, तर आवाज कसा जपून, एखाद्या आजाऱ्याशी बोलावं तसा. म्हणाले, बाळा, जावईबापू फार काळजीत आहेत. तू विसरतेस, उगाच रडतेस, बर्फात अनवाणी जातेस. एकदा डॉक्टरला दाखव.

बर्फात मी कधीच अनवाणी गेलेले नाही.

१९ डिसेंबर
शनिवार, सकाळचे अकरा. स्वच्छ ऊन. मागच्या लाकडी गच्चीत किती बर्फ साठलाय बघ, गोकुल म्हणाला. मी दारातून वाकून पाहिलं आणि पाठीत धक्का बसला. काचेचं दार सरकलं. पायात काही नाही.

मी काच बडवली, ओरडले. आत तो फोन डोळ्यांसमोर धरून उभा होता. शांत. जरा डावीकडे सरकला, मी नीट दिसावी म्हणून.

संध्याकाळी ते चित्रण पालकोल्लूला पोचलं. आवाज काढून टाकलेला. अम्मा फोनवर हुंदके देत होती: अगं, काय करून घेतलंस हे स्वतःचं?

खरंच, त्यात मी बर्फात अनवाणी आहे. वेड्यासारखी काच बडवतेय.

२८ डिसेंबर
जेवणानंतर दोन पांढऱ्या गोळ्या. गिळल्यावर तोंड उघडायला लावतो, जीभ वर करून बघतो. डॉक्टर मी पाहिलेला नाही. बाटलीवरचं नाव खरवडलंय.

दुपारपर्यंत डोळे उघडत नाहीत. अक्षरं तरंगतात. फोन त्याच्या खिशात, बूट गाडीच्या डिकीत—

आज थोडा वेळ मलाच वाटलं, की मीठ मी दोनदा घातलं असेल.

५ जानेवारी
बेल वाजली. जिन्यात बसून ऐकलं. तो गोड आवाजात म्हणाला, हैमाची तब्येत बरी नाही, तिला कोणी नको असतं. मंगै अक्का मला ऐकू यावं इतक्या मोठ्याने म्हणाली, “तब्येत बरी नसली की माणसाला रस्सम देतात रे. गच्चीत कोंडत नाहीत. मी खिडकीतून पाहिलंय सगळं!”

त्याने दार लावलं.

नंतर माझे केस—

नाही लिहिवत.

८ जानेवारी
न्हाणीघरात कॅमेरा नाही. तिथली भिंत अक्काची. तो ऑफिसात. मी वाटीने ठोकलं, तिने ठोकलं. म्हणाली, आत्ता पोलिसांना बोलावते. मी नको म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. नान्नांचं तोंड डोळ्यांपुढे आलं.

ती म्हणाली, “मग नीट ऐक. तुमच्या खालच्या दाराला माझ्यासारखंच कुलूप आहे. फोनवरून बंद केलं तरी आतून खटका फिरवला की उघडतं.”

अक्का कॉफीला येऊन गेल्यापासून तो जाताना फोनवरून कुलूप लावतोय. मी खटका एकदाही फिरवून पाहिला नव्हता.

१३ जानेवारी
भोगी. गावात आज भोगीची शेकोटी पेटली असेल, दारात मुग्गूची रांगोळी.

त्याला वही सापडली. बसून पान न् पान उलटलं. पण त्याला तेलुगू वाचता येत नाही! घरात तेलुगू बोलतात, शाळा सगळी तमिळ आणि इंग्रजी. एक अक्षर कळत नाही त्याला. त्याने विचारलं, काय आहे हे? मी म्हटलं, पाककृती, स्तोत्रं.

हसला. म्हणाला, सुंदर अक्षर आहे. नान्ना लगेच ओळखतील, नाही?

१४ जानेवारी
गोळ्या वाढवल्या. चार. तो हात धुवायला वळल्यावर दोन थुंकल्या.

भिंतीतून अक्काला सांगितलं, बोलाव पोलिसांना. तिचा आवाज आला नाही. ती घरी नसेल. उद्या पुन्हा—

१५ जानेवारी
तो आज ऑफिसला गेला नाही. खालच्या खोलीत समोर बसलाय. वही त्यानेच आणून दिली. लिही म्हणतो, नान्नांना, तेलुगूत. तो सांगेल तसं.

तो सांगतोय: मी या दुखण्याला कंटाळले. गोकुलने माझ्यासाठी खूप केलं. कोणाला दोष देऊ नये.

नान्ना, मी आजारी नाही. हे तो सांगतोय. मला मरायचं नाही. त्याने मला मारलं, गारठवलं, बर्फात ढकलून चित्रण केलं. शेजारच्या मंगै अक्काला विचारा, तिने पाहिलंय. बशीत गोळ्या ओतल्यात. दोन नाहीत, बाटलीभर.

विचारतोय, एवढ्याशा मजकुराला इतका वेळ का? मी म्हटलं, तेलुगू अक्षरं गोल असतात, सावकाश येतात.

वाचून दाखव म्हणाला. याच पानावर बोट ठेवून त्याचीच वाक्यं म्हणून दाखवली. न अडखळता. खूश झाला. पाठ थोपटली.

पाणी आणायला वर गेलाय. जिन्याच्या तेरा पायऱ्या. बाहेर उणे वीस, पायात काही नाही. अक्काचं दार इथून वीस पावलं. वही सोडणार नाही.

नान्ना, नळ वाजतोय. तो बंद व्हायच्या आत

खटका फिर—