प्रश्नचिन्हं काढून टाकावीत

सोमवार, ९ मार्च, सकाळी साडेदहा

प्रिय घाईबुवा,

हे नाव वाचून कपाळाला आठी पडली असेल तर बरंच झालं. हल्ली लोक तुला विभागप्रमुख म्हणतात, सभेत तुझ्या नावाआधी दोन-दोन विशेषणं लावतात असं ऐकते. पण घाईबुवा हे नाव मी ठेवलेलं आहे, आणि माझ्या वस्तू मी परत मागायला निघालेय, तेव्हा सुरुवात यापासूनच. पत्राच्या डोक्यावर तारीख आणि वेळ घातली आहे, तीही नीट बघून ठेव. ती पुढे लागणार आहे.

आधी माझी खुशाली. मी मजेत आहे. केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, जीभ मात्र आहे तिथेच आहे. अकरा वर्षं झाली, मी एका प्रकाशनसंस्थेत काम करते. विद्वान मंडळी संगणकावर साध्या मजकुरात लिहून पाठवतात, ते छापायच्या पानांत बसवायचं, हे माझं काम. तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी टेबल आहे, टेबलावर दोन पडदे, एक मजकुराचा, एक छापील पानाचा, आणि तळमजल्यावर छपाईची यंत्रं चालू झाली की चहाचा कप बशीत थरथरतो. हो, तुझं पुस्तक जिथे आलंय तीच ही संस्था. तू हस्तलिखित पाठवलंस, मलपृष्ठावरच्या तुझ्या फोटोसाठी तीनदा फोन केलास, पण पानं कोण जुळवतं ते एकदाही विचारलं नाहीस. लेखकाला तपासायला पाठवायच्या प्रुफाच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं असतात. तीही तुला दिसली नसणार.

तुला ग्रंथालयाच्या तळघरातलं आपलं टेबल आठवतं का? दोन खुर्च्या, त्यातली एक लंगडी. लंगडी नेहमी माझ्याकडे, कारण तू आधी येऊन चांगली पकडायचास. तू सगळे संदर्भ हाताने टंकायचास. मग एकदा आपल्या प्रबंधांच्या मार्गदर्शक सरांनी सांगितलं, कंसात नावं नकोत, आकडे घाला, आणि तू नऊ दिवस बसून पाचशे कंस बदललेस. दहाव्या दिवशी सर म्हणाले, नावंच बरी होती. तू रडायच्या बेतात होतास. तेव्हा मी तुला माझी पद्धत शिकवली. मजकुरात चौकटी कंस करायचा, त्यात @ हे चिन्ह आणि त्या पुस्तकाचं आपण ठेवलेलं टोपणनाव, बस. खरं नाव-गाव-साल वेगळ्या यादीत. छापायच्या वेळी प्रोग्रॅम दोघांची गाठ घालून देतो, पानावर नाव आणि साल येतं, शेवटी सूची आपोआप तयार होते, आणि टोपणनाव कुणाला दिसतच नाही. तुला ते जादूसारखं वाटलं होतं. तू म्हणालास, पण एवढं करायचं कशाला, संदर्भ वाचतं कोण गं? आणि त्या दिवसापासून मला तळटीप म्हणायला लागलास. मी लाजले होते रे. आता सांगायला काय हरकत आहे, मला ते नाव फार आवडलं होतं. जिला कुणी वाचत नाही ती तळटीप, हा अर्थ माझ्या लक्षात यायला पंधरा वर्षं लागली.

आईच्या वह्यांबद्दल तुला मीच सांगितलं, त्याच टेबलावर. आई बत्तीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स होती. कामाची पाळी संपली की पुढच्या पाळीच्या बाईसाठी वहीत लिहून ठेवायचं, कुणाला कसं आहे, कोण झोपलं नाही, कोण काय मागत होतं. तारीख, वेळ, खाली सही. ती म्हणायची, जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरतात, म्हणून सही केल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. इस्पितळाने जुन्या वह्या रद्दीत काढल्या, तेव्हा तिने रीतसर परवानगी घेऊन नऊ वह्या घरी आणल्या. माझा प्रबंध त्या वह्यांवर उभा होता, आणि मी गाठलेल्या चाळीस निवृत्त नर्सेसवर. त्यांच्या स्वयंपाकघरात, ओसरीवर, एकीच्या तर दवाखान्याच्या रांगेत बसून मी ऐकलं आणि टिपलं. तीन प्रकरणं लिहून झाली होती.

मग आईला अर्धांगवायू झाला आणि मी घरी गेले. जाताना तीन प्रकरणांची फाइल आणि वह्यांचे फोटो तुझ्याकडे दिले, सरांकडे पोचव म्हणून. महिन्याने तुझा फोन आला. तू आवाज खाली आणून म्हणालास, सर म्हणतात यात दम नाही, तू आधी आईकडे बघ. मी आईकडेच बघितलं. अकरा वर्षं ती अंथरुणाला खिळून होती, आणि बोलायला जमेल तेव्हा विचारायची, माझ्या वह्यांचं काय झालं गं? मी सांगायचे, चाललंय. चार वर्षांपूर्वी ती गेली, तोवर मी तिला चाललंय एवढंच सांगत राहिले. गेल्या वर्षी सर त्यांच्या लेखसंग्रहाच्या कामासाठी इथे आले, मला बघून चकित झाले आणि म्हणाले, मुली, तू तुझी प्रकरणं पाठवलीच नाहीस, फार वाट पाहिली मी. मी त्यांना चहा दिला. मग तेच वाक्य त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

तेव्हापासून मी तुझी वाट बघत होते. तू कुठेतरी छापणार हे मला ठाऊक होतं, कारण आयत्या बिळावरच्या नागोबाला बीळ फार दिवस लपवता येत नाही. पण तू माझ्याच टेबलावर येऊन पडशील असं मात्र स्वप्नातही वाटलं नव्हतं. जानेवारीत फाइल उघडली आणि पहिल्याच परिच्छेदात माझं वाक्य मला दिसलं. तू कष्ट घेतलेस, नाही म्हणणार नाही. शब्द फिरवलेस, परिच्छेद खालीवर केलेस, मी गेले, मी बसले, मी विचारत राहिले, या सगळ्याचं गेलो, बसलो, राहिलो केलंस. एवढ्या बायकांच्या स्वयंपाकघरांत तुला कुणी इतका वेळ बसू दिलं असतं का, हा विचार तुझ्या मनाला शिवला नाही. एकशे बाराव्या पानावर एक 'मी थक्क झाले' तसंच राहिलंय. ते मी तसंच ठेवलंय. व्याकरण तपासणं माझ्या कामात बसत नाही.

पण टोपणनावं? ती छापील पानावर दिसत नाहीत ना, मग ती बदलायची कशाला! चौकटी कंसांत सगळी मंडळी जशीच्या तशी बसलेली. @आई१ पासून @आई९ पर्यंत. मग मी गाठलेल्या नर्सेस, @लांबवेणी, @रागीटसिस्टर, @दोनचष्मेवाली. मला एकीमागून एक सगळ्या भेटल्या. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, तसा तू छापील पानाकडे बघत राहिलास, आणि माझ्यासमोर मात्र दुसरा पडदा होता. यादीत तू आईच्या नऊ वह्यांपुढे लिहिलंयस, लेखकाचा खासगी संग्रह. त्या वह्या माझ्या पलंगाखालच्या ट्रंकेत आहेत, घाईबुवा. हे वाचलं त्या दिवशी मी अर्धा दिवस रजा टाकून घरी गेले आणि ट्रंक उघडून नऊच्या नऊ मोजल्या.

आणि एक टोपणनाव तुला कळलंच नाही. मी जे स्वतः ऐकलं, ज्याला कागदाचा आधार नाही, पुस्तकाचा नाही, फक्त माझ्या कानांचा आहे, तिथे मी लिहीत असे [@मी]. एकतीस जागा. यादीतली माझी नोंद तू काढून टाकलीस, तेवढी हुशारी तुला होती. पण मजकुरातला 'मी' तुला सापडला नाही, किंवा तो आपलाच आहे असं तुला वाटलं असावं. मी प्रोग्रॅम चालवला आणि त्याने एकतीस वेळा एकच तक्रार केली, संदर्भ सापडला नाही: मी. पडद्यावर एकाखाली एक तेच वाक्य. मी खुर्चीत मागे टेकले आणि मोठ्याने हसले. शेजारच्या टेबलावरची चित्रकार विचारायला लागली, काय झालं म्हणून. तिला काय सांगणार, मी हरवलेय म्हणून!

अशी गाठ जुळली नाही की पानावर त्या जागी ठळक प्रश्नचिन्ह उमटतं. प्रुफं तशीच तुला पाठवली, एकतीस प्रश्नचिन्हांसकट, आणि सोबत रीतसर विचारणा, हा संदर्भ कुणाचा ते कळवावं. खरं सांगते, त्या आठवड्यात मी तुला एक संधी देत होते. तू लिहिलं असतंस की ही एक जुनी मैत्रीण आहे, तिचं नाव असं असं, तर मी आयुष्यभराचा राग गिळला असता. तुझं उत्तर चौथ्या दिवशी आलं, पहिल्या पानावर, हिरव्या शाईत: टंकनदोष आहे, प्रश्नचिन्हं काढून टाकावीत, बाकी ठीक, प्रुफं पुन्हा दाखवण्याची गरज नाही, थेट छपाईला घ्यावं. खाली झोकदार सही. वीस तारखेला तुझा सत्कार आहे आणि त्याच मंचावर पुस्तकाचं प्रकाशन. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

ते पान मी आमच्या मुख्य संपादकांपुढे ठेवलं. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. माझी पंधरा वर्षांपूर्वीची फाइल ठेवली, नऊ वह्या ठेवल्या, नर्सेसच्या सह्या असलेली माझी टिपणं ठेवली. बाई दोन दिवस दार लावून वाचत बसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, हे पुस्तक मी आत्ता थांबवते. मीच नको म्हटलं. थांबवलं असतं तर तू एकतीस कंस पुसून दुसऱ्या दारात गेला असतास, आणि आईच्या वह्या पुन्हा ट्रंकेतच राहिल्या असत्या. मला हे पुस्तक छापून हवंय, बाई, असं मी म्हणाले. जाड पुठ्ठ्यात, चांगल्या कागदावर, प्रत्येक ग्रंथालयात. बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, मग लेखकाने सांगितलंय तसंच करा, प्रश्नचिन्हं काढा. पण आपल्या संस्थेत प्रश्नचिन्ह काढायचा एकच मार्ग आहे, उत्तर द्यायचं. लेखकाने दिलेला संदर्भ पुसायचा नाही, त्याचं मूळ शोधायचं. वह्यांच्या नोंदीही त्यांनी नियमाप्रमाणे प्रत्यक्ष वह्या पाहून दुरुस्त करायला लावल्या. आता तुझ्या सूचीत नऊ ओळींवर माझ्या आईचं नाव आहे, पदासकट, आणि वह्या कुणाकडे आहेत तेही. ती पानं पडद्यावर आली तेव्हा मला रडू आलं, आणि हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

राहिला 'मी'. माझा प्रबंध कधी दाखलच झाला नाही, टिपणं छापली नाहीत, तेव्हा सूचीत लिहायचं काय, असा प्रश्न होता. आमच्या नियमपुस्तिकेत त्याचीही सोय आहे. जी माहिती कुठे प्रसिद्ध झालेली नाही, तिच्यासाठी माहिती देणाऱ्याने लेखकाला लिहिलेलं सहीचं पत्र चालतं. त्यावर तारीख हवी, त्यात माहिती कुणी, कशी मिळवली ते स्पष्ट हवं, आणि एक प्रत संस्थेच्या दप्तरात हवी, म्हणजे कुणाही वाचकाला ती मागवून वाचता येते. तर घाईबुवा, हे ते पत्र. तुझ्या पुस्तकाच्या तीनशे दोनाव्या पानावर माझं नाव, आडनाव आधी, आणि पुढे: लेखकास पत्र, ९ मार्च. नोंद आज सकाळी घातली, प्रोग्रॅम चालवला, आणि त्याने एकही तक्रार केली नाही. एकतीस जागी प्रश्नचिन्ह जाऊन माझं नाव आलं. दप्तरातली प्रत बाईंनी लावून घेतली की पानं खाली छपाईला जातील आणि ही प्रत साध्या टपालाने तुझ्याकडे. ती पोचेल तेव्हा पुस्तकं बांधून झाली असतील. संदर्भ कोण वाचतं, असं तू विचारायचास ना? हा तू वाच. आता सही करते आणि खुर्ची सोडते.

तुझीच,
तळटीप