सिल्वेराची फाटकं आणि माझी तात्पुरती देखभाल

४ मे, सकाळी ९.१०
माझं आयुष्य याच मिनिटाला बदललं. पाणीखात्याची टेसा ओढ्याचं पाणी तपासायला आली, बाटली उजेडात धरली आणि म्हणाली, तू आहेस म्हणून ओढा स्वच्छ आहे. कॉलेज सोडल्याचा पहिल्यांदाच अभिमान वाटला.

१९ मे
'तात्पुरती' या शब्दाचा संताप येतो. शहराचं पिण्याचं पाणी राखायला खात्याने म्हाताऱ्या सिल्वेराचं अख्खं रँच, कुरणं-गोठे-घरासकट, विकत घेतलं. कायमची व्यवस्था होईपर्यंत तात्पुरत्या देखभालीला सरकारी अनुदान. ती देखभाल म्हणजे मी. ऑगस्टमध्ये खात्याचं बोर्ड मुदत वाढवणार. वाढवणारच. मग हे घर माझ्याकडे, मग टेसाला विचारायचं. पडदे तिच्या पसंतीचे.

२ जून
गवत वाढलं की वणवा, म्हणून सिल्वेराच्या गाई अजून इथेच चरतात. मान्य. पण म्हातारा अजून मालकासारखा फिरतो. आज म्हणाला, कॉलेजवाल्या, फाटक सापडेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. इथलं रांगणारं पोरही हे जाणतं. मी सुनावलं, अनुदानाच्या अर्जाचं चौदावं पान मला पाठ आहे. तर म्हणतो, मग गाईंना वाचून दाखव.

२६ जून
टेसाने सिल्वेराच्या हातचं पोर्तुगीज सॉसेज खाल्लं. दोघं हसत होते. माझी कॉफी मात्र नको म्हणाली, आत्ताच झाली.
संकल्प: उद्यापासून चिडायचं नाही.

२७ जून
चिडलो.

१८ जुलै
परवा बोर्डाची माणसं पाहणीला येणार. देखभाल दिसली पाहिजे. सातही फाटकांना नवी कुलपं ठोकली. वरचं तर सताड उघडं, गवतात रुतलेलं. किती वर्षांचा हा गलथानपणा. उपटून बंद केलं, कुलूप घातलं. हात सोलले. टेसाला दाखवणार.

२० जुलै
घात. माझ्याविरुद्ध कट. बोर्डासमोर साठ गाई कुंपण मोडून ओढ्यात उभ्या. पाणी कॉफीच्या रंगाचं. सिल्वेरा ओरडला असता तर परवडलं असतं. त्याने शांतपणे विचारलं, वरचं फाटक कुणी लावलं? गाईंच्या पाण्याच्या टाकीकडे जायची वाट तीच होती म्हणे. दोन दिवस उन्हात तहानलेल्या. मग फाटकावर पाटी लावायची ना. किल्ली माझ्या कमरेला लटकत होती, सगळ्यांनी पाहिली. टेसाने बाटली भरली, उजेडात धरली. झाकण लावून थेट गाडीत बसली.

२१ जुलै
ती विचार करत असेल. माझाच.

६ ऑगस्ट
जिंकलो. अनुदान वर्षभरासाठी वाढलं. स्वयंपाकघरात नाचलो.
संध्याकाळी पत्र पूर्ण वाचलं. देखभाल: श्री. सिल्वेरा. शिफारस टेसाची. फोन केला. ती म्हणाली, तुझ्यावर राग नाही रे, मला ओढा सांभाळायचाय. राग असता तरी चाललं असतं.

१० ऑगस्ट, दुपारी, पायरीवर
सिल्वेराने माझी खाट पिकअपवर चढवायला हात दिला. विचारलं, कॉलेजवाले परत घेतात का रे? मी खाटेची दोरी आवळली. मदत करणाऱ्या माणसावर भडकताही येत नाही, याचीच जास्त चीड आली.
दार आपटून चौकटीतून काढायचं ठरवलं होतं. मग आठवलं, मी आलो तेव्हा ते बंद होतं. टेसाने उघडून दिलं होतं.
बाहेर पडलो. दार सापडलं होतं तसं लावून घेतलं.