फाटकावरची बाई

९ जानेवारी

काढलं! पंखे जोडायच्या लाईनवरच्या सगळ्या बायकांना – ताईसकट. सकाळी फाटकावर पिशव्या तपासून मीच त्यांना आत सोडलं, दुपारी मीच तपासून बाहेर काढलं. सुपरवायझर माझ्या मागेच उभा. ताईची पिशवी उघडली – डबा, कंगवा, जुन्या चपला. म्हणाली, "नीट बघ गं. पंखा चोरला असेल मी." सख्खी बहीण! मी सिक्युरिटी एजन्सीची, म्हणून वाचले.

१० जानेवारी

ताईकडे जायचं होतं. कोपऱ्यापर्यंत गेले. परत फिरले.

२ मार्च

आज एक सिनेमावाला फाटकावर. कामावरून काढलेल्यांवर माहितीपट करतोय म्हणे – पण हसवणारा! हातात फुलांचा गुच्छ, मागे कॅमेरा. "मालकांचा निरोप समारंभ करायचाय. त्यांनी एवढ्या जणींना निरोप दिला, त्यांना बिचाऱ्यांना कुणीच देत नाही!" मला हसू फुटत होतं, दाबलं. आतून फोन – अजिबात सोडू नकोस, साहेब मीटिंगमध्ये आहेत एवढंच सांग.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"कधी संपेल?"

"मीटिंगमध्ये आहेत."

"जेवतात का मधे?"

"मीटिंगमध्ये आहेत."

दुसरं काय बोलणार? जाताना हळूच म्हणाला, "तुमच्यावर राग नाही हं. हे सगळं तुम्हा लोकांसाठीच चाललंय."

१९ एप्रिल

शेवटी गेले ताईकडे. फ्रीज विकला. होता तिथे भिंतीचा जुना हिरवा रंग दिसतो. भावजी कामासाठी बाहेरगावी, फोन कमीच. खालचं शिलाईचं दुकान बंद, वाणी उधारी देत नाही. ताईनं पाणी दिलं. "बस" म्हणाली नाही. मी बसले.

१४ जून

शाळेच्या हॉलमध्ये माहितीपट दाखवला. अख्खी वस्ती लोटली होती. मालक त्यात कुठेच नाही! मी मात्र आहे. "मीटिंगमध्ये आहेत," "मीटिंगमध्ये आहेत" – पुन्हा पुन्हा, वर पिपाणीचं संगीत. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी. मी मान खाली घातली. शेजारी कुणीतरी हसून हसून खोकत होतं. बघते तर ताई! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. कामावरून काढल्यापासून पहिल्यांदा हसली. माझ्यावर.

हसू दे. तिला हसताना बघून बरंच वाटलं. आणि लागलंही.

१६ जून

गल्लीतली पोरं मला 'मीटिंगबाई' म्हणतात.

२१ जून

एजन्सीच्या माणसानं बोलावून घेतलं. "कंपनीचं हसं झालं तुमच्यामुळे. उद्यापासून येऊ नका." म्हटलं, "सांगितलं तेवढंच बोलले की!" तो म्हणाला, "तेच तर."

२३ जून

सिनेमावाल्याला फोन लावला. "अरेरे! फार वाईट झालं. हे कॅमेऱ्यासमोर सांगाल? आणि रडू आलं तर अडवू नका." फोन ठेवला. मग आलं रडू.

२७ जून

ताई आली. दारातच उभी राहिली. खाली बघत म्हणाली, "तुझा युनिफॉर्म दे. एजन्सीनं मला घेतलंय. तुझ्या जागी."

केवढी वाळलीये. कंबरेत टाके घालून, इस्त्री करून दिला.