हाउगनचा बकरमाळ

टिल्बरी क्रीक, विस्कॉन्सिन
१६ फेब्रुवारी

प्रिय कॉरिन,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. संत्र्यांची पेटीही आली, एकसुद्धा फळ दबलेलं नाही. इथे सगळं ठीक. थंडी आहे, पण फेब्रुवारीत ती नसती तरच काळजी वाटली असती. गुडघा बरा आहे. छपरावरचा बर्फ मीच ओढून काढला, आणि तू ओरडायच्या आत सांगते, शिडीवर चढून नाही. खाली उभी राहून, लांब दांड्याने.

माझ्यासाठी सजवलेल्या खोलीचा रंग फोटोत फार छान दिसतोय. घर विकायचं आणि एजंटचं तू विचारलंयस, त्याबद्दल सावकाश लिहीन. आधी माझी गंमत ऐक.

गेल्या शनिवारी सकाळी दार वाजलं. बघते तर बर्नडीन क्लिंगर. तुला आठवत असेल, जन्मभर शाळेचा बँड चालवला तिने. आवाज अजून तसाच आहे, खिडकीच्या काचा थरथरतात.

"मार्लिस, बूट आहेत?"

"आहेत."

"हातमोजे?"

"आहेत, पण..."

"मग पणबिण गाडीत सांग. इंजिन चालू ठेवलंय मी."

नेलं मला वेंडेल हाउगनच्या डोंगरावर. शाळेच्या बसमधून रोज दिसायचा तोच, दक्षिणेकडे तोंड केलेला. आपण दोघी बहिणी त्याला बकरमाळ म्हणायचो, कारण इतक्या उभ्या चढावर बकरीच चरू जाणे. तेव्हा तो सगळा गवताचा होता. आता बघशील तर निम्मा सीडरच्या झाडांनी भरलाय. सीडरखाली ऊन पोचत नाही, आणि ऊन नाही म्हटल्यावर तिथलं जुनं गवत नि फुलं गुदमरून मरतात. म्हणून बर्नडीन आणि गावातली काही मंडळी दर शनिवारी येऊन सीडर तोडतात. दहाबारा जण. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पैसे देत नाही.

त्यांच्यात पाहुआ व्हांग म्हणून एक आहे, औषधाच्या दुकानातली फार्मसिस्ट. दोन मुलांची आई, जेमतेम माझ्या खांद्याला लागते. बर्फातून वर आलेली एक वाळकी काडी तिने मला दाखवली. मी म्हटलं, "ही तर मेलीय."

"मेली कसली! हिची मुळं तुमच्या उंचीच्या दुप्पट खोल गेलीयत, मार्लिस. तुम्ही फक्त तिच्या डोक्यावरून ती झाडं हटवा. बाकीचं ती बघेल."

हे ती अगदी औषध कधी घ्यायचं ते सांगावं तशा सुरात सांगते. बर्नडीनला मात्र एका झाडाचं नाव धड येत नाही. 'तो पिवळा गडी', 'ती केसाळ बाई' असं म्हणत ती डोंगरभर फिरते. पण माणसांची नावं? गावातल्या प्रत्येकाचं नाव, त्याने बँडमध्ये काय वाजवलं आणि किती बेसूर वाजवलं, सगळं पाठ.

दुपारी तोडलेल्या फांद्या पेटवल्या आणि त्या शेकोटीभोवती वाटाण्याचं सूप प्यायलो. मी दोन वाट्या घेतल्या. माझा ऑरिन गेल्यापासून मी सिंकपाशी उभी राहूनच जेवत होते, कॉरिन. हे तुला फोनवर कधी बोलले नाही.

तुझी,
मार्लिस

*

३० मार्च

प्रिय कॉरिन,

मी ॲरिझोनाला तुझ्याकडे राहायला कधी येणार, ती तारीख तू दोन्ही पत्रांत विचारलीस. कळतंय मला. एजंट एकदा येऊन घर बघून गेला, तळघराचं कौतुक केलं त्याने. पण आज मला दुसरं काही सुचत नाहीये. आम्ही डोंगर पेटवला.

घाबरू नकोस. रीतसर शिक्षण घेतलं, परवानगी काढली, अग्निशमनवाल्यांना कळवलं. वाळलेलं गवत जाळलं की उन्हाला जमीन मोकळी होते, सीडरची रोपं मरतात, आणि खोल मुळांच्या झाडांना काही होत नाही. पाहुआने मला हे तीनदा समजावलं. तरी पाठीवर पाण्याची टाकी बांधून वर उभी राहिले तेव्हा मी तिला चौथ्यांदा विचारलं.

आणि मग बर्नडीनला बघितलं. वाऱ्याकडे तोंड करून उभी, हात वर. सगळे तिच्या हाताकडे बघतायत. हात खाली आला आणि माथ्यावरून आगीची बारीक रेघ निघाली. "डावीकडचे, सावकाश! कुणी धावायचं नाही! मार्लिस, तुझ्या पायाशी बघ, पायाशी!" ज्वाला वाढल्या की तळवा खाली, ओळ मागे पडली की बोटांनी पुढे. माणसं ऐकत होती ते सोडच, मला तर वाटलं आगही ऐकतेय. अख्खा उतार जळून गेला, आणि कुंपणापलीकडचं एक पान करपलं नाही. मी इतकी वर्षं हिच्यापासून दोन घरं सोडून राहतेय आणि हिच्यात हे आहे हे मला ठाऊक नव्हतं.

खाली उतरलो तर रस्त्यावर गाडीत वेंडेल हाउगन बसलेला. सत्त्याऐंशीचा आहे, कंबरेचं हाड मोडल्यापासून डोंगर चढलेला नाही.

"चांगलं काळं फासलंत माझ्या डोंगराला!"

"तीन आठवडे थांब, वेंडेल," बर्नडीन म्हणाली.

"मी नव्वदीला टेकलोय. मला कसलं थांबायला सांगतेस? वाळूवाला कागद घेऊन येतोय."

तेव्हा आम्हाला कळलं. तेलविहिरींसाठी इथली वाळू लागते म्हणे, आणि ती त्या डोंगराच्या पोटात आहे. कंपनीला तो विकत हवाय. एकदा विकला की डोंगरच राहणार नाही, फुलं तर दूरची गोष्ट.  परतताना बर्नडीन सगळा वेळ स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून होती.

तारखेचं नक्की लिहीन.

मार्लिस

*

२२ एप्रिल

प्रिय कॉरिन,

गेल्या आठवड्यात तुझे दोन फोन मी उचलले नाहीत. घरीच होते. जे सांगायचंय ते फोनवर मला नीट जमलं नसतं.

बर्नडीनने काय ठरवलं असेल सांग. वेंडेलला वर न्यायचं! सही करायच्या आधी त्याने आपला डोंगर एकदा बघावा एवढंच तिचं म्हणणं. चढाव असा, की आम्हीच हात टेकत चढतो. पण कुणीतरी शिकारीची घसरगाडी आणली, मारलेलं हरीण ओढून आणतात ती. त्यात उशा घातल्या.

वेंडेल ती बघून लाल झाला. "मी मेलेलं हरीण नाहीये!"

"माहितेय," बर्नडीन म्हणाली. "हरीण एवढी कुरकुर करत नाही. बस."

बसला! चौघं पुढून दोर ओढायला, दोघं मागून रेटायला, मी मागच्यांत. बर्नडीन बाजूने चालत ताल देत होती, "ओढा... आणि थांबा. ओढा... आणि थांबा." वेंडेल सगळा रस्ता शिव्या घालत होता, निम्म्या इंग्रजीत, निम्म्या त्याच्या आजोबांच्या नॉर्वेजियनमध्ये. हसण्यामुळे आमच्या हातांतली ताकद जायची. मध्येच थांबून बर्नडीन स्वतः एका दगडावर बसली आणि आम्हाला म्हणाली, "तुम्ही दमलात." आम्ही होतोही दमलेले.

वर पोचलो आणि वेंडेलच्या शिव्या थांबल्या.

सगळा उतार कोळशासारखा काळा, आणि त्या काळ्यावर फुलंच फुलं. फिकट जांभळी, पेल्यासारखी, देठापासून पाकळीपर्यंत मऊ पांढरी लव. पान अजून एकही नाही, नुसती फुलं. शेकडो, हजारो, पार कड्यापर्यंत. ऊन मागून येत होतं, त्यामुळे प्रत्येकाला उजेडाची कड होती. ह्या फुलांची वाट बघत पाहुआ वर्षानुवर्षं ह्या डोंगरावर राबलीय. सरळ गुडघ्यांवर बसली, राखेत.

बर्नडीनने घसा खाकरला. "वेंडेल, हे बघ, ह्या डोंगराचं महत्त्व..."

"बर्नडीन, तुझ्या बँडला कधी गप्प बसायला शिकवलंस की नाही?"

गप्प बसली. वेंडेलने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "आम्ही ह्यांना हंसपिल्लं म्हणायचो. मी आणि माझी बहीण. गालाला लावून बघायचो." आणि फुलांकडे बघतच, "मला वाटलं होतं, ती संपली."

जमीन राखणारी एक संस्था आहे. तिच्याशी करार केला तर डोंगर हाउगनांचाच राहतो, पण पुढे कुणालाही तो खोदता येत नाही. बर्नडीनने ते सांगितलं, ह्या वेळी दोनच वाक्यांत. वेंडेलने ऐकून घेतलं आणि आमच्याकडे एकेक करून बघितलं.

"कागद मी करीन. पण कागद सीडर तोडतो का? मी गेल्यावर ती झाडं पुन्हा येणार. तुम्ही सगळे पांढऱ्या केसांचे. कोण असणार आहे इथे? पाहुआ, तू?"

"माझी बदली होऊ शकते, मिस्टर हाउगन. आहे तोवर येईन. त्यापुढचं खोटं नाही सांगणार."

"बर्नडीन?"

ती हसली. मग हळू आवाजात, आणि मी तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता, ती म्हणाली, "मी ह्या वर्षापुढचं वचन देऊ शकत नाही, वेंडेल. डॉक्टर देऊ देत नाहीत. हृदय."

कुणालाच माहीत नव्हतं. ती दगडावर का बसली ते तेव्हा कळलं. सगळा हिवाळा ती आम्हाला दारादारातून ओढून काढत होती, नि आम्हाला वाटत होतं की हिला थकवा ठाऊकच नाही. ती आम्हाला गोळा करत होती, कॉरिन. स्वतःच्या मागे कुणी असावं म्हणून.

वेंडेल माझ्याकडे वळला. "तू ऑरिनची बायको ना? तू तर ॲरिझोनाला चाललीस असं ऐकलं."

"नाही," मी म्हटलं. "मी इथेच असणार आहे."

इतकं सरळ निघालं तोंडातून. मागे घ्यावंसं वाटतंय का, म्हणून मी थांबून बघितलं. नाही वाटलं.

वेंडेलने टोपी घातली. "ठीक आहे. आता मला खाली न्या, आणि पाडलंत तर सगळं रद्द."

बुधवारी त्याने संस्थेच्या कागदावर सही केली. वाळूवाल्याला दारातूनच परत पाठवलं. त्यानंतर पाहुआ दुकानाच्या काउंटरमागे रडली आणि गिऱ्हाइकाला म्हणाली की ॲलर्जी आहे.

आता तुझं. सगळ्या गावाच्या आधी हे तुला कळायला हवं होतं. तारीख टाळत होते ती घरामुळे नाही, तुझ्यामुळे. ती खोली तू माझ्यासाठी सजवलीस, पण आपल्या दोघींनाही माहीत आहे, त्या घरात फार शांतता आहे आणि तुला ती सोसत नाही. मला इथली सोसत नव्हती, म्हणून कळतं. नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. तरी नाहीच म्हणतेय. एजंटला काल सांगितलं.

जुलैत मी तुझ्याकडे येते, महिनाभर. उन्हाने करपले तरी चालेल, त्या दिवसांत डोंगरावर काम कमी असतं. आणि तुझ्याकडेही अशी मंडळी असणारच, तिथल्या वाळवंटातल्या झाडांना जपणारी. मी आले की शोधू. नसतील तर दोघी मिळून दारं वाजवू.

ह्या शनिवारी डोंगरावर बर्नडीनच्या जागी सगळ्यांना हाका मी मारल्या. बर्नडीन रस्त्यावर गाडीत काच खाली करून बसली होती. माझा आवाज कुणाला पोचेना. "पोटातून, मार्लिस, पोटातून!" ती ओरडली, आणि तिचा पोचला. तिसऱ्या हाकेला माझाही पोचला. सगळे वळून बघायला लागले.

रागावली असशील तर रागाचंच पत्र लिही, पण लिही.

तुझी धाकटी, आणि आता कायमची इथलीच,
मार्लिस